पंच क्रमांक दोन

माझं लग्न एका विनाचालक टेम्पोमुळे झालं, असं विमा कंपनीचं म्हणणं होतं. त्यांच्या वकिलांनी ते इतक्या गोड भाषेत मांडलं की क्षणभर मलाही वाटलं, टेम्पोला आहेर करायचा राहूनच गेला.

जयसिंगपूरहून शिरोळकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझी रोपवाटिका आहे. गुलाब, चिकू, आंब्याची कलमं, आणि हौसेखातर ठेवलेली चार सुवासिक झाडं. एका सकाळी मी कलमांना पाणी घालत असताना दुधाचा विनाचालक टेम्पो आला, त्याने एका मोपेडला बाजूने ढकललं आणि तो पुढे निघून गेला. पळून गेला असंही म्हणता येत नाही. त्याच्या हिशेबी काही घडलंच नव्हतं. पुढच्या गावात तो ठरल्या वेळी दूध घ्यायला उभा होता. मोपेडवरची मुलगी मात्र माझ्या कुंपणाशी पडली होती आणि डोळे उघडे ठेवून आभाळाकडे बघत होती. अ‍ॅम्ब्युलन्स येईपर्यंत मी तिच्या डोक्याखाली गोणपाटाची घडी धरून बसलो.

पोलीस आले की पंच लागतात. दोन माणसांनी जागा बघायची, पंचनाम्यावर सही करायची आणि पुढे कोर्टाने बोलावलं तर जायचं. त्यामुळे पंच म्हटलं की आपल्याकडे भरलेला रस्ता ओस पडतो. जास्वंद घ्यायला आलेलं एक गिऱ्हाईक पंच क्रमांक एक झालं. त्याने दिलेल्या पत्त्यावर नंतर कुणीच सापडलं नाही. पंच क्रमांक दोन मी. मला पळायला जागा नव्हती, कारण मी माझ्याच दुकानात उभा होतो.

मुलीचं नाव सन्मती मगदूम. हाडं जुळली, जखमा भरल्या, वरून बघणाऱ्याला काही कळू नये इतकी ती बरी झाली. बिघडलं होतं ते कानाच्या आत. तिथे पाण्यासारख्या द्रवाने भरलेल्या तीन बारीक कमानी असतात. डोकं हललं की द्रव हलतो आणि मेंदूला वर कुठे, खाली कुठे ते कळतं. सन्मतीच्या दोन्ही कानांतल्या कमानी मुक्या झाल्या होत्या. चालताना तिला जमीन हेलकावे खात असल्यासारखी वाटे. सारखा कशाला तरी हात टेकलेला लागे.

आणि ती निघाली होती समुद्रावर. समुद्राचा तळ मोजून त्याचे नकाशे करणाऱ्या जहाजावर तिची निवड झाली होती. शिरोळ तालुक्यात पाणी बघायचं तर पुराचं, तिथल्या मुलीला हे वेड कुठून लागलं कोण जाणे. "बोटीवर उभं राहायची हौस होती, ती टेम्पोनं जमिनीवरच भागवली," असं ती म्हणायची आणि हसायची. मला त्या हसण्याचा फार त्रास व्हायचा.

दावा दाखल झाला आणि दोन विमा कंपन्यांची जुंपली. टेम्पोचा विमा एकीकडे, टेम्पो चालवणाऱ्या मेंदूचा विमा दुसरीकडे. चूक चाकांची की मेंदूची, यावर कंपन्या एकमेकींकडे बोट दाखवत राहिल्या आणि वर्षं गेली. मला साक्षीचं समन्स यायचं, मी जायचो, साक्ष पुढे ढकलली जायची. न्यायाधिकरणाच्या व्हरांड्यात एक लांब बाक होता. त्याच्या एका टोकाला ती, दुसऱ्या टोकाला मी. एकदा पायऱ्या उतरताना ती थांबली.

"पंच, जरा खांद्याला धरू का?"

"धरा की. त्यासाठीच बोलावलंय मला सरकारनं."

तारखांवर तारखा पडत गेल्या आणि आमचं जमलं. लग्नानंतरही ती मला पंच म्हणायची आणि मी तिला अर्जदार. राजुल झाली. रोपवाटिकेच्या पत्र्याच्या खोलीत सन्मतीने टेबल मांडलं. दुसऱ्यांनी मोजून आणलेले समुद्राच्या खोलीचे आकडे यायचे, त्यांचे ती नकाशे करायची. समुद्र आमच्या घरी यायचा, तो असा.

शेवटी वरच्या कोर्टाने निकाल दिला की कंपन्यांच्या भांडणात जखमी माणसाने ताटकळत बसायचं कारण नाही. टेम्पोच्या कंपनीने आधी भरपाई द्यावी आणि मग दुसरीकडून काय वसूल करायचं ते करावं. आम्ही पेढे वाटले. मग प्रश्न उरला, द्यायची किती. आणि तिथे 'राहिलेलं' मध्ये आलं.

पूर्वी न्यायाधीश वय बघत, कमाई बघत, कोष्टकातून वयाचा गुणक काढत आणि पुढे बढती झाली असती म्हणून त्यात थोडी भर घालत. आता त्यासाठी एक प्रणाली आली होती. तिचं सरकारी नाव लांबलचक होतं, जगायचं राहून गेलेलं दाखवते म्हणून व्हरांड्यातली माणसं तिला नुसतं 'राहिलेलं' म्हणत. कोट्यवधी माणसांच्या नोंदींवरून ती शिकली होती, की माणसं काय शिकतात, कुठे जातात, कोणत्या वयात काय सोडून देतात. अर्जदाराचे निकाल, आजार, मैत्री, फोनवरचं बोलणं घेऊन ती अपघाताच्या आदल्या क्षणापाशी जायची, टेम्पोला जरासा उशीर करायची आणि तिथून आयुष्य पुढे चालवायची. एकदा नव्हे, हजारो वेळा, दर वेळी थोडा फरक करून. हवामानवाले पावसाचा अंदाज बांधतात तसंच. बहुतेक आयुष्यं ज्या वाटेने गेली ती वाट धरून ती चित्रं तयार करायची. चित्रात अर्जदार स्पष्ट दिसायचा. त्याच्याशी ज्यांचा जितका संबंध, तितकी ती माणसं स्पष्ट. बाकीची धूसर.

पाहणी कक्षात सन्मती पहिल्यांदा एकटीच गेली. बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा नुकत्याच झोपेतून उठलेल्या माणसासारखा होता. घरी आल्यावर राजुलला जेवू घालताना म्हणाली, "मी अंदमानच्या पलीकडं होते. डेकवर. पाणी काळं नसतंय हो, जांभळं असतंय."

मग ती जातच राहिली. अर्जदाराला निकाल लागेपर्यंत हवं तेव्हा बघायची मुभा होती. संध्याकाळी मी रोपं झाकत असताना ती तिकडच्या गोष्टी सांगायची. रात्री समुद्र कसा चमकतो. यंत्रातून आवाज खाली सोडला की तळावरून तो कसा परत येतो, आणि त्याला लागलेल्या वेळावरून खोली कशी कळते. एका पाण्याखालच्या डोंगराला तिथल्या लोकांनी तिचं नाव दिलं होतं. मगदूम टेकडी. नवऱ्याला बायकोच्या मित्राचा हेवा वाटतो हे ऐकलं होतं. मला माझ्याच बायकोचा हेवा वाटायला लागला, जहाजावरच्या बायकोचा.

"मी हाय का तिथं?" मी एकदा विचारलं.

"बघितलं न्हाई." तिने एवढंच सांगितलं आणि विषय बदलला.

कंपनीचे वकील मात्र सगळं नीट बघत होते. प्रणाली आणखी एक गोष्ट मोजायची, समाधान. माणसाची झोप, आवाज, आजार, गाठीभेटी यांवरून काढलेला आकडा. त्याला संतोषांक म्हणत. जहाजावरच्या सन्मतीचा संतोषांक बेताचा होता. एकटी, आईपासून लांब, वर्षाचे कितीतरी महिने पाण्यावर. आमच्या सन्मतीचा आकडा तिच्याहून बराच चढा निघाला. अपघातामुळे अर्जदाराला काही लाभ झाला असेल तर तो भरपाईतून वजा करायचा का, हा वाद कायद्यात जुनाच. कंपनीने तो उकरून काढला. अपघात झाला नसता तर पंचनामा नसता, पंच नसता, लग्न नसतं, मूल नसतं. सबब पती आणि कन्या हा अपघातजन्य लाभ धरून वजा करावा, आणि तो केल्यावर द्यायचं काही उरत नाही. मला तर धास्ती वाटली की उलट आमच्याकडूनच काही मागतात की काय.

आमच्या वकील बिरनाळे मॅडम रोपवाटिकेत आल्या आणि उलट्या घातलेल्या कुंडीवर बसल्या. फार रोखठोक बाई.

"तुला विचारतील, हे सोडून ते आयुष्य घेशील का. तू हो म्हणायचंस. समाधान कितीही असो, जे निवडलं होतं तेच हवं होतं, एवढं शपथेवर आलं की बाकीचं मी बघते."

"आणि हे मागं बसलेले असणार," सन्मती म्हणाली.

"त्यांना बाहेर बसवू."

"रेकॉर्डवर राहणार की ते. राजुल मोठी झाल्यावर वाचंल."

"मग नाही म्हण आणि भिंत धरून चालत राहा आयुष्यभर," मॅडम म्हणाल्या. त्यांना राग आला नव्हता, वाईट वाटलं होतं.

कारण भरपाई कशासाठी हवी ते त्यांना माहीत होतं. कानामागे बसवायचं एक उपकरण निघालं होतं. डोकं किती कललं ते मोजून बारीक तारांमधून थेट नसेला कळवायचं, मुक्या कमानींचं काम स्वतः करायचं. ते बसवलं की सन्मती हात सोडून चालली असती. पण ते आमच्या आवाक्यातलं नव्हतं. रोपवाटिका विकली तरी नव्हतं, आणि तो विचार माझा करून झाला होता.

साक्षीच्या आधी एका दुपारी ती म्हणाली, "चला, तुम्हाला दाखवते."

पाहणी कक्ष म्हणजे एक थंड, अंधारी खोली. मध्ये दोन खुर्च्या आणि चारी बाजूंनी चित्र. आधी समुद्र दिसला आणि मी खुर्चीचे हात घट्ट धरले. मग तिने कक्षातल्या बाईंना काहीतरी सांगितलं आणि समुद्राच्या जागी आमचा रस्ता आला. बाभळी, उसाची शेतं, आमचं कुंपण. एक एसटी थांबली आणि सुट्टीवर आलेली सन्मती उतरली. केस कापलेले, चेहरा उन्हाने रापलेला, पाठीवर पिशवी. ती चालत आली, आणि मी बघतच राहिलो. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तिला असं चालताना मी कधीच पाहिलं नव्हतं. कुंपणाला हात न लावता ती फाटकातून आत आली.

रोपांमध्ये एक धूसर माणूस पाणी घालत होता. त्याला चेहरा नव्हता. पण डाव्या पायावर भार टाकून उभं राहायची खोड माझीच.

"आईला अंगणात लावायला काहीतरी द्या," ती म्हणाली. "वासाचं."

"कवठीचाफा न्या."

"फुलायला किती वर्षं?"

"लावा तर आधी," धूसर माणूस म्हणाला.

तिने रोप घेतलं आणि ती निघाली. फाटकाशी जरा थांबली. मला वाटलं, वळेल. पण ती पिशवीचा पट्टा नीट करत होती. त्याचं नाव तिने विचारलं नाही आणि विचारावं असं काही घडलंही नव्हतं. धूसर माणसाने पुन्हा पाण्याची नळी उचलली. पुढे कधीतरी तिच्या आईच्या अंगणात चाफा फुलला तेव्हा ती लांब कुठे जांभळ्या पाण्यावर होती.

मला त्या माणसाची दया आली. आणि त्या चालणाऱ्या मुलीकडे बघून माझा जीव तुटला. तिचं काय गेलं होतं ते मला तोवर कळलंच नव्हतं.

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "बरा दिसतोय की मी. जरा बारीक झालोय."

ती हसली नाही. माझ्या खांद्याला धरून पायऱ्या उतरली.

"तुम्ही तिथं हाय, हे मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं," ती म्हणाली. "सांगायला जीभ उचलंना. रोज जाऊन मी तेही बघत होते. वाटायचं, आज तरी वळंल ती."

साक्षीच्या सकाळी राजुलला आजीकडे सोडलं. फाटकाला कुलूप घालताना मी सन्मतीला म्हणालो, "हो म्हण. मला काय वाटणार न्हाई."

"तुम्हाला न्हाई वाटलं तर मला वाटंल."

"अगं, तोंडानं म्हणायचं नुसतं."

"शपथेवर म्हणायचं, पंच. तुम्हीच शिकवलंय. खोटं बोलायचं असतं तर तुम्ही पत्ता चुकीचा दिला असता."

मी कुलूप ओढून बघितलं.

मी बाहेर बसलो नाही. शेवटच्या बाकावर बसलो. कंपनीचे वकील वयस्कर, मऊ आवाजाचे. त्यांनी तिच्या प्रकृतीची चौकशी केली, मुलीचं नाव विचारलं, नाव फार छान आहे म्हणाले.

"आपण सुखी आहात?"

"हो."

"जहाजावरच्या त्या आयुष्यात आपण इतक्या सुखी नसता, हे प्रणालीने दाखवलं. मान्य?"

"तिला जेवढं कळतंय तेवढ्यावरून, मान्य."

"मग मला एवढंच सांगा. आपले पती आणि आपली कन्या सोडून आपण ते आयुष्य घ्याल का? हो किंवा नाही."

सन्मती साक्षीदाराच्या कठड्याला दोन्ही हातांनी धरून उभी होती. बसायला खुर्ची दिली होती, ती तिने नाकारली होती. तिने मागे वळून माझ्याकडे पाहिलं नाही. वळली असती तर तोल गेला असता.

"नाही," ती म्हणाली.

बिरनाळे मॅडमनी पेन खाली ठेवलं. वकील खाली बसायला लागले.

"मला पुढं बोलायचंय," सन्मती न्यायाधीशबाईंना म्हणाली. त्या चष्मा काढून तिच्याकडे बघत होत्या. त्यांनी मान हलवली.

"ती जहाजावरची मी आहे. तिला मी बारा वर्षांची असल्यापासून ओळखते. तिचा समुद्र, तिची टेकडी, तिचं चालणं माझं होतं, ते यांच्या टेम्पोनं नेलं. ते किती सुखाचं होतं हे विचारायचा यांना काय अधिकार? माझं होतं, एवढं पुरे आहे." तिने कठड्यावरची पकड बदलली. "आणि आता जे आहे ते टेम्पोनं दिलं, असं हे म्हणतात. टेम्पो थांबलासुद्धा नव्हता. थांबले ते हे. पंच व्हायला रस्त्यावर कुणी तयार नव्हतं. एक पंच खोटा पत्ता देऊन गेला. हे दर तारखेला आले. साक्ष होणार नाही हे ठाऊक असताना आले, मला पायऱ्या उतरता याव्यात म्हणून. संसार आम्ही दोघांनी उभा केला, भिंत धरून. त्यात कंपनीचा हात कुठं लागलाय ते दाखवा, मग वजा करा."

मी खाली मान घालून बसलो होतो. डोळे पुसायला रुमाल काढला तर त्याला शेणखताचा वास येत होता.

निकाल काही आठवड्यांनी आला. न्यायाधीशबाईंनी लिहिलं होतं की अपघातानंतर माणसाने स्वतःच्या आणि दुसऱ्याच्या चांगुलपणावर जे उभं केलं, ते अपघाताचं देणं नव्हे. जे कंपनीने दिलं नाही ते कंपनीला वजा करता येणार नाही. गेलेल्याची किंमत गेलेल्यावरून ठरेल, हाती उरलेल्यावरून नाही. संपूर्ण भरपाई मंजूर. निकाल लागला की प्रणालीतलं आयुष्य पुसून टाकायचा नियम होता. शेवटचं बघून यायचं का, असं मी विचारलं. सन्मती म्हणाली, नको, तिला तिच्या कामाला जाऊ दे.

उपकरण बसवलं. महिनाभर ती घरातल्या घरात चालायला शिकली. एका संध्याकाळी रोपांच्या दोन रांगांमधून हात सोडून माझ्याकडे आली आणि माझ्यापाशी न थांबता पुढे विहिरीपर्यंत गेली. मी टाळ्या वाजवल्या. मनातून घाबरलो होतो. आता खांदा कशाला लागणार, हा विचार माझ्या मनात आला आणि मला स्वतःची लाज वाटली.

मग कोकणातल्या खाड्यांची मुखं मोजणाऱ्या बोटीवर तिला हंगामापुरतं काम मिळालं. मीच तिची पिशवी भरली. एसटी वळणाआड गेली आणि मी पाण्याची नळी हातात घेऊन उभा राहिलो. त्या दिवसांत राजुल विचारायची, बाबा, तुम्ही गप्प का? मी म्हणायचो, धूसर झालोय जरा. तिला काही कळायचं नाही, तरी ती फिदीफिदी हसायची.

पावसाळ्याआधी बोटीचं काम संपलं. ती कधी येणार ते तिने कळवलं नव्हतं. दुपारी एक एसटी थांबली. मी कलमांना पाणी घालत होतो. फाटकाकडे बघितलं तेव्हा ऊन डोळ्यांवर आलं. केस कापलेली, रापलेली, पाठीवर पिशवी घेतलेली एक बाई कुंपणाला हात न लावता आत येत होती. हातातली नळी तशीच वाहत राहिली. हे मी आधी बघितलं होतं, आणि पुढे काय होतं तेही बघितलं होतं.

ती रोपांमध्ये येऊन उभी राहिली.

"आईला अंगणात लावायला काहीतरी द्या. वासाचं."

"कवठीचाफा न्या," मी कसंबसं म्हणालो.

"फुलायला किती वर्षं?"

"लावा तर आधी."

तिने रोप उचललं, छातीशी धरलं आणि ती निघाली. फाटकाशी थांबली. पिशवीचा पट्टा नीट केला. आणि वळली.

"पाव्हणं," ती म्हणाली, "नाव काय तुमचं?"

मी नळी खाली ठेवली. साक्षीदाराच्या कठड्यात उभं राहून सांगतात तसं, सावकाश, सगळं सांगितलं. भरतेश आदगोंडा चौगुले. धंदा रोपवाटिका. राहणार इथंच.